क्लबचा पुढचा मॅनेजर कोण? चाहत्यांच्या वादात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फुटबॉल क्लबच्या मॅनेजरची खुर्ची डळमळू लागली की चाहत्यांत तट पडायला एक दिवसही लागत नाही. एकाला नावाजलेला माणूस हवा असतो, दुसऱ्याला क्लबचाच जुना खेळाडू, आणि तिसरा म्हणतो की आहे त्यालाच राहू द्या. दर वेळी तेच प्रश्न विचारले जातात आणि दर वेळी पहिल्यापासून भांडण सुरू होतं. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांवरचं माझं मत इथे एकत्र दिलं आहे. मतभेद असतील तर जरूर मांडा, पण उदाहरणांसह.

मॅनेजर जाणार हे जवळजवळ नक्की आहे. नावांची चर्चा कुठून सुरू करायची?

आपल्या संघापासून. आपल्याकडे कोणते खेळाडू आहेत, त्यांपैकी कोणाचे करार लांबचे आहेत आणि ते कोणत्या पद्धतीने खेळू शकतात, हे आधी कागदावर मांडा. नावं त्यानंतर.

इंग्लंडच्या क्रिस्टल पॅलेसने २०१७ मध्ये फ्रँक डी बोअरला आणलं. आयॅक्सबरोबर सलग चार डच लीग जिंकलेला हा माणूस. कागदावर नाव उत्तमच होतं. पण पॅलेसचा संघ लांब पास, उंच आघाडीवीर आणि वेगवान विंगर यांवर उभा होता. त्याच खेळाडूंना चेंडू पायाशी ठेवून मागून खेळ बांधायला सांगितलं गेलं. लीगचे पहिले चारही सामने हरले, चारांत मिळून एकही गोल झाला नाही, आणि डी बोअर गेला. पुढे रॉय हॉजसनने त्याच खेळाडूंकडून त्यांना जमेल असा खेळ करून घेतला आणि संघ लीगमध्ये टिकला.

मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिमला आणलं तेव्हाही हा प्रश्न डोळ्यांसमोर होता. पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये त्याचा खेळ तीन सेंटर-बॅक (मधले बचावपटू) आणि दोन विंग-बॅक (कडेने वर-खाली धावणारे) यांच्यावर चालायचा. युनायटेडकडे त्या कामाचे विंग-बॅक जवळपास नव्हतेच, आणि हंगाम तर आधीच सुरू झालेला. त्या वर्षी संघ लीगमध्ये १५ वा आला. अमोरिम वाईट प्रशिक्षक आहे असा याचा अर्थ मी काढत नाही. स्पोर्टिंगला १९ वर्षांनी लीग त्यानेच जिंकून दिली होती. पण ‘हा उत्तम मॅनेजर आहे का?’ आणि ‘हा आपल्या संघासाठी उत्तम आहे का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्या वादांत बहुतेक वेळा पहिल्याचंच उत्तर दिलं जातं.

मोठ्या नावाचा हवा की होतकरू?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त शाई आणि आवाज खर्च होतो, आणि उत्तर त्यातलं कोणतंच नाही. बायर्न म्युनिकचा २०२४ चा उन्हाळा आठवा. थॉमस टुखेल जाणार हे फेब्रुवारीतच ठरलं होतं. शाबी अलोन्सो लेव्हरकुझेनमध्येच राहिला, युलियान नागेल्समानने जर्मनीच्या संघाबरोबरचा करार वाढवला, राल्फ रांगनिकने ऑस्ट्रियाचा संघ सोडायला नकार दिला. शेवटी मेअखेरीस बायर्नने व्हिन्सेंट कॉम्पनीला नेमलं. कॉम्पनीचा बर्नली संघ नुकताच अवघ्या २४ गुणांवर प्रीमियर लीगमधून खाली घसरला होता. चाहते चक्रावले नसते तरच नवल.

पण त्याच्या आदल्या हंगामात त्याच कॉम्पनीने बर्नलीला १०१ गुणांनिशी वर आणलं होतं. चेंडू स्वतःकडे ठेवणारा, वरच्या रेषेत प्रेस करणारा (विरोधकांवर त्यांच्याच अर्ध्यात झडप घालणारा) खेळ, म्हणजे बायर्नला हवा तसाच. बर्नलीकडे तो खेळ वरच्या स्तरावर पेलणारे खेळाडू नव्हते, बायर्नकडे होते. २०२४-२५ मध्ये बायर्नने बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, परत मिळवली.

आर्सेनलने १९९६ मध्ये जपानच्या नागोया क्लबमधून आर्सेन वेंगरला आणलं तेव्हा इंग्लंडमधल्या अनेकांना तो कोण हेही माहीत नव्हतं. लेस्टरने २०१५ मध्ये क्लाउडिओ रानिएरीला नेमलं ते ग्रीसच्या संघाने फेरो बेटांकडून मार खाल्ल्यावर त्याची तिथून हकालपट्टी झाल्यानंतर. क्लबचा लाडका माजी खेळाडू गॅरी लिनेकर यानेही तेव्हा उघड नापसंती दाखवली होती. पुढच्या मे महिन्यात लेस्टर विजेता होता.

म्हणून कोणी ‘नाव मोठं आहे’ किंवा ‘नाव ऐकलेलं नाही’ एवढ्यावरच वाद घालत असेल तर त्याला पुढचा प्रश्न विचारा: त्याचा शेवटचा संघ कसा खेळायचा, आणि तसं खेळायला आपल्याकडे कोण आहे?

आपल्याला हवा तो माणूस मिळालाच नाही, तर हंगाम वाया गेला का?

नाही. युर्गन क्लॉपने २६ जानेवारी २०२४ ला लिव्हरपूल सोडत असल्याचं जाहीर केलं, त्या क्षणापासून बहुतेक चाहत्यांच्या तोंडी अलोन्सोचं नाव होतं. लिव्हरपूलचा जुना मिडफिल्डर, आणि लेव्हरकुझेन त्या वर्षी बुंडेसलिगा एकही सामना न हरता जिंकायच्या वाटेवर. मार्चअखेरीस अलोन्सोने लेव्हरकुझेन सोडणार नसल्याचं सांगितलं आणि कित्येकांना सगळं संपल्यासारखं वाटलं. क्लबने फायनूर्टच्या आर्ने स्लॉटला आणलं. क्लॉपनेच बांधलेला संघ, त्या उन्हाळ्यात मोजकीच खरेदी, आणि २७ एप्रिल २०२५ ला टॉटनहॅमला ५-१ हरवून चार सामने बाकी असतानाच लीग खिशात.

स्लॉटने क्लॉपचं यंत्र मोडलं नाही. वेग थोडा कमी केला, मधल्या फळीत चेंडू जास्त फिरवला, मिडफिल्डर ग्रावेनबर्खला बचावापुढे खेळवलं. क्लबने उमेदवार निवडताना हीच सलगता पाहिली होती. चाहत्यांची यादी आठवणींवरून बनते, क्लबची यादी निदान चांगल्या क्लबमध्ये तरी खेळाच्या आकड्यांवरून. दोन्ही याद्यांत एकच नाव वर असेल तर आनंदच, पण नसेल तर घाबरून जायचं कारण नाही.

आपण इतकं बोलतो, पण क्लब आपलं ऐकतो का?

‘हा हवा’ हे फारसं ऐकत नाही. ‘हा नको’ हे मात्र ऐकतो. माझं या विषयावरचं सगळ्यात ठाम मत हेच आहे.

टॉटनहॅमने एप्रिल २०२१ मध्ये लीग कपची फायनल सहा दिवसांवर असताना जोसे मोरिन्योला काढलं आणि मग शोध जूनअखेरपर्यंत लांबला. पाउलो फॉन्सेकाबरोबरची बोलणी फिसकटली, गट्टूसोचं नाव पुढे आलं. त्याच्या जुन्या वक्तव्यांवरून चाहत्यांनी एवढा उठाव केला की क्लबने ती बोलणीही सोडली. ३० जूनला नूनो एस्पिरितो सांतो आला. पहिले तीन सामने १-० ने जिंकले आणि १ नोव्हेंबरला त्याची गच्छंती झाली.

मिलानमध्ये २०२४ च्या वसंतात तसंच घडलं. युलेन लोपेतेगी येणार अशी बातमी पसरली, चाहत्यांनी विरोधाची मोहीमच उघडली, क्लब मागे सरला आणि फॉन्सेकाला घेतलं. फॉन्सेकाला डिसेंबर संपता संपता काढलं. तिकडे वेस्ट हॅमला गेलेल्या लोपेतेगीलाही जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नारळ मिळाला. चाहत्यांची शंका रास्त होती, पण त्यांनी अडवलेल्या माणसाच्या जागी जो आला तोही टिकला नाही. नकाराला वजन आहे म्हणूनच तो जपून वापरायला हवा. प्रत्येक नावाला ‘नको’ म्हणणाऱ्या चाहत्यांना शेवटी यादीतला सातवा-आठवा माणूस मिळतो.

जिथे सभासद मत देतात तिथे गोष्ट वेगळी. अॅथलेटिक बिल्बाओचा अध्यक्ष सभासदांच्या मतदानाने ठरतो, आणि उमेदवार प्रचारात मॅनेजरचं नाव घेऊन उतरतात. २०११ मध्ये योसु उरुतिया मार्सेलो बिएल्साला आणण्याचं वचन देऊन जिंकला. पहिल्याच हंगामात बिएल्साचा संघ ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडला हरवून युरोपा लीग आणि कोपा देल रे (स्पेनचा कप) या दोन्हींच्या फायनलपर्यंत गेला. दोन्ही हरले, पण तो खेळ बिल्बाओत आजही आठवतात. २०२२ च्या निवडणुकीत बिएल्साचंच नाव घेऊन आलेला उमेदवार मात्र पडला. जिंकलेल्या योन उरियार्तेने एर्नेस्तो वाल्वेर्देला परत आणलं, आणि २०२४ मध्ये क्लबने ४० वर्षांनी कोपा देल रे जिंकला. सभासदांना निवडीची संधी दिली की ते केवळ भावनेवर मत देतात, असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर द्या.

हंगामी मॅनेजर सामने जिंकतोय. त्यालाच कायम करायचं ना?

हंगाम संपेपर्यंत थांबा. हे उत्तर कोणालाच आवडत नाही, म्हणून ते सविस्तर द्यायला हवं.

डिसेंबर २०१८ मध्ये युनायटेडने मोरिन्योला काढून ओले गुन्नार सोल्शारला हंगामी मॅनेजर केलं. ६ मार्च २०१९, पॅरिसच्या पीएसजी क्लबविरुद्ध चॅम्पियन्स लीगमधला परतीचा सामना. पहिला सामना युनायटेड घरी ०-२ हरलेलं. पहिल्या फळीतले दहा खेळाडू दुखापतीने किंवा बंदीने बाहेर. लुकाकूने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, पीएसजीने बरोबरी साधली, त्यांचा गोलकीपर बुफों याच्या हातून चेंडू निसटला आणि लुकाकूने पुन्हा डाव साधला. नव्वद मिनिटं झाल्यावर डॅलोचा फटका किंपेंबेच्या हाताला लागला. पंच मैदानाकडेच्या पडद्यापाशी गेले, पेनल्टी दिली आणि रॅशफोर्डने ती जाळ्यात मारली. ३-१. दोन्ही सामने मिळून ३-३, पण बाहेरच्या मैदानावर जास्त गोल केल्यामुळे युनायटेड पुढे. त्या रात्री टीव्हीवर माजी खेळाडू सांगत होते की त्याच्यापुढे करार ठेवा आणि रक्कम त्यालाच लिहू द्या. चाहत्यांतही वेगळं मत असणारे फार कमी होते.

हंगामी म्हणून १९ सामन्यांत १४ विजय. २८ मार्चला तीन वर्षांचा करार. मग एव्हर्टनकडून ०-४ असा दारुण पराभव, हडर्सफिल्डशी १-१ बरोबरी, आणि शेवटच्या दिवशी घरच्या मैदानावर कार्डिफकडून ०-२. हडर्सफिल्ड आणि कार्डिफ त्या वर्षी लीगमधून बाहेर गेलेले संघ. मे महिन्यापर्यंत थांबायला क्लबला काहीही अडचण नव्हती, कारण सोल्शारला पळवायला दुसरा कोणी टपलेला नव्हता. पुढच्या दोन हंगामांत त्याने संघाला तिसरा आणि दुसरा क्रमांक मिळवून दिला हेही खरं, त्यामुळे निवड पूर्ण चुकीची होती असं मी म्हणत नाही. घाई मात्र विनाकारण होती.

चेल्सीत रोबेर्तो दी मातेओने २०१२ मध्ये हंगामी म्हणून एफए कप आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही जिंकले. त्यानंतर त्याला कायम न करणं कोणत्याही क्लबला शक्यच नव्हतं. केलं, आणि नोव्हेंबरमध्ये काढलं. उलट बाजूला हान्सी फ्लिक आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये बायर्नमध्ये तात्पुरता आला, क्लबने त्याला महिन्यांमागून महिने पारखलं, एप्रिल २०२० मध्ये कायम केलं, आणि त्या हंगामात तिन्ही मोठी विजेतेपदं आली.

नवा माणूस आला की संघ उसळी घेतो, हे तर सगळेच पाहतात. मग बदलायला काय हरकत?

उसळी दिसते, पण ती नव्या माणसामुळेच आली असं लगेच म्हणता येत नाही. डच अर्थतज्ज्ञ बास टेर वील यांनी १९८६ ते २००४ या काळातल्या डच लीगचा अभ्यास केला. मॅनेजर काढण्याआधी निकाल घसरतात, नंतर सावरतात, हे त्यात दिसलं. पण तशीच घसरण होऊनही ज्या क्लबनी मॅनेजर बदलला नाही, त्यांचे निकालही तसेच सावरले. कारण काढण्याची वेळ येते ती बहुधा नशीबही फिरलेलं असताना: चेंडू खांबाला लागतोय, दोन सेंटर-बॅक जायबंदी, वेळापत्रक कठीण. ते फेरे संपले की गुण येऊ लागतात, बाकावर कोणीही बसलेलं असो.

म्हणून ‘पहिल्या पाच सामन्यांत किती गुण?’ यावर कोणाचंही मूल्यमापन करू नका. कोणाविरुद्धचे पाच सामने, हे तरी पाहा.

क्लबचा जुना खेळाडू मॅनेजर म्हणून आणावा का?

खेळणं सोडल्यावर त्याने काय केलं, यावर ते अवलंबून आहे. बार्सिलोनाने २००८ मध्ये मोरिन्योला बाजूला ठेवून पेप ग्वार्डिओलाला निवडलं तेव्हा त्याने बार्सिलोनाच्या ब संघाला चौथ्या स्तरातून वर काढून दाखवलं होतं. झिदान रेआल माद्रिदच्या पहिल्या संघाकडे आला तो त्यांच्या राखीव संघाला शिकवून. अँड्रिया पिर्लोला युव्हेंटसने २०२० मध्ये जुलैअखेरीस तेवीस वर्षांखालच्या संघासाठी नेमलं आणि आठवडा-दीड आठवड्यात थेट पहिल्या संघाचा मॅनेजर केलं. मॅनेजर म्हणून तोवर त्याने एकही सामना सांभाळलेला नव्हता. सलग नऊ लीग जिंकलेला युव्हेंटस त्या वर्षी चौथा आला.

प्रेमापोटी ज्याला आणायचं त्याच्यावरच पुढे शिव्या द्यायची वेळ येते, याचं मला फार वाईट वाटतं. फ्रँक लॅम्पार्डला चेल्सीने काढलं त्या जानेवारीत (२०२१) चाहत्यांचं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. निकाल हलाखीचे होते, पण त्याच्यावर ओरडायचं कसं? चार महिन्यांत टुखेलने त्याच खेळाडूंना घेऊन चॅम्पियन्स लीग जिंकली.

कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे राहिलेला माणूस चालेल का?

चालू शकतो, पण त्याला सुरुवातीची सवलत मिळत नाही. राफा बेनीतेझ लिव्हरपूलचा माणूस. चेल्सीचे चाहते त्याच्यावर सतत हुर्यो उडवत असतानाही त्याने २०१३ मध्ये त्यांना युरोपा लीग जिंकून दिली, कारण तो तात्पुरताच आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. लिव्हरपूलच्याच शहरातल्या एव्हर्टनमध्ये तो २०२१ मध्ये आला आणि पहिली पराभवांची मालिका लागताच सगळं अंगावर आलं. सात महिनेही टिकला नाही.

ब्रायन क्लफ १९७४ मध्ये लीड्सला गेला तेव्हा त्याआधीची कित्येक वर्षं तो लीड्सच्या खेळावर जाहीर टीका करत आला होता. ४४ दिवसांत बाहेर. त्याच क्लफने पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप दिले.

महान मॅनेजरनंतर येणाऱ्याचं नेहमीच वाटोळं होतं का?

नेहमी नाही. बिल शँक्लीनंतर १९७४ मध्ये लिव्हरपूलने त्याचाच सहायक बॉब पेझ्ली याला पुढे केलं. पेझ्लीने नऊ हंगामांत सहा लीग आणि तीन युरोपियन कप जिंकले. चेल्सीच्या महिला संघात एमा हेझ अमेरिकेच्या संघाकडे जाणार हे नोव्हेंबर २०२३ मध्येच कळलं होतं. क्लबला पुरेसा वेळ मिळाला, ल्योंची सोनिया बोंपास्तोर आली आणि पहिल्याच हंगामात लीगमध्ये एकही सामना न हरता इंग्लंडमधल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या.

वाटोळं होतं ते मॅनेजरबरोबर त्याच्या मागची माणसंही एकदम गेली की. २०१३ मध्ये ॲलेक्स फर्ग्युसनबरोबरच युनायटेडचे मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल यांनीही पद सोडलं. डेव्हिड मोयसने जुने सहायकही बदलले. सहा वर्षांचा करार दहा महिन्यांत संपला. नापोलीने २०२३ मध्ये ३३ वर्षांनी लीग जिंकली, मग मॅनेजर स्पालेत्ती गेला, खेळाडू निवडणारा संचालक जुंतोलीही गेला. पुढच्या हंगामात तीन मॅनेजर झाले आणि गतविजेता संघ दहावा आला. महान माणूस जात असेल तर ‘त्याच्या जागी कोण?’ याच्या जोडीला ‘बाकीचे राहणार आहेत का?’ हेही विचारा.

मॅनेजर आणि मुख्य प्रशिक्षक यांत फरक काय?

मुख्य प्रशिक्षक सराव आणि सामने पाहतो, खेळाडूंची खरेदी-विक्री संचालकाच्या हाती असते. पूर्वीचा मॅनेजर दोन्ही करायचा. युरोपातल्या बहुतेक मोठ्या क्लबमध्ये आता पहिला प्रकार आहे, त्यामुळे ‘याच्या हाती पैसा दिला तर हा काय खरेदी करेल?’ हा वाद बऱ्याचदा फुकटचा असतो. संचालक कोण आहे ते बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीने ग्रॅहम पॉटरला त्याच्या सहायकांसह उचललं, तरी ब्रायटनने दहा दिवसांत रोबेर्तो दे झेर्बीला आणलं आणि त्या हंगामात सहावा क्रमांक मिळवून प्रथमच युरोपीय स्पर्धा गाठली. खुर्ची रिकामी व्हायच्या आधीच यादी तयार असेल तर हे जमतं.

करारात असलेला मॅनेजर आणायला किती पैसे लागतात?

भरपूर. नागेल्समानसाठी बायर्नने २०२१ मध्ये लाइपझिगला सुमारे अडीच कोटी युरो दिल्याच्या बातम्या होत्या. पॉटरसाठी चेल्सीने दोन कोटी पौंडांहून जास्त मोजल्याच्या. दोघेही दोन वर्षांच्या आत गेले. उलट स्पोर्टिंगने मार्च २०२० मध्ये ब्रागाला एक कोटी युरो देऊन अमोरिमला घेतलं, तेव्हा मोजकेच सामने सांभाळलेल्या माणसासाठी एवढे पैसे म्हणून टीका झाली, आणि पुढच्याच हंगामात लीग आली. यात शिवाय जुन्या मॅनेजरची आणि त्याच्या सहायकांची उरलेल्या कराराची रक्कम वेगळी. हा हिशेब पाहिला की क्लब महिनाभर ‘पूर्ण पाठिंबा’ का जाहीर करत राहतो ते कळतं.

परवाना लागतो का?

लागतो. युरोपातल्या वरच्या लीगमध्ये युएफा प्रो परवाना हवा. मॅनेजर विल स्टिलकडे तो नव्हता, तर रांस क्लब फ्रान्समध्ये प्रत्येक सामन्यामागे सुमारे २५ हजार युरो दंड भरत राहिला. तोही आनंदाने, कारण त्याच्या हाताखाली संघ लीगमध्ये पहिले १७ सामने हरलाच नाही.

सट्टेबाजांच्या भावांवरून पुढचं नाव कळतं का?

शेवटच्या एक-दोन दिवसांत कधी कधी. त्याआधी नाही. या बाजारात पैसा थोडा असतो, त्यामुळे दोन-चार जणांनी एका नावावर रक्कम लावली तरी भाव कोसळतो, मग त्या भावाचीच बातमी होते, आणि बातमी वाचून आणखी लोक पैसे लावतात.

एखाद्या उमेदवाराचा अभ्यास करायचा तर कसा?

ठळक क्षणांच्या चित्रफिती बघून नव्हे. त्याच्या सध्याच्या संघाचे तीन पूर्ण सामने बघा आणि त्यांतला निदान एक हरलेला असू द्या.

पहिलं, गोलकिककडे लक्ष ठेवा. गोलकीपर जवळच्या सेंटर-बॅकला देतो की लांब मारतो? फुल-बॅक (कडेचे बचावपटू) रेषेला चिकटून उभे राहतात की मध्ये येतात? विरोधी संघ प्रेस करायला आला की आखणी तीच राहते का? मग चेंडू गमावल्यानंतरचे पाच-सहा सेकंद पाहा. जवळचे दोघे-तिघे लगेच झडप घालतात की सगळे मागे पळतात? तुमचे सेंटर-बॅक संथ असतील आणि हा माणूस बचावफळी मध्यरेषेजवळ उभी करत असेल, तर तुम्हाला पुढच्या वर्षाचं चित्र आत्ताच दिसलं आहे.

सगळ्यात जास्त सांगून जातो तो १-० आघाडीवरचा शेवटचा अर्धा तास. कोणता बदल आधी करतो? थकलेल्या विंगरच्या जागी विंगर आणतो की पाचवा बचावपटू? दहा जणांनिशी खेळताना काय करतो? आणि पिछाडीवर असताना त्याच्याकडे दुसरी योजना आहे की तीच आणखी जोरात?

शेवटी, त्याच्या हाताखालून गेलेले खेळाडू. कोण सुधारले? सुधारणा तो सोडून गेल्यावरही टिकली का? मी स्वतः या एका निकषाला विजेतेपदांपेक्षा जास्त गुण देतो. चषक श्रीमंत संघाबरोबरही मिळतो, पण साध्या फुल-बॅकला चांगला फुल-बॅक बनवायला शिकवावं लागतं.

नव्या माणसाला किती वेळ द्यायचा?

महिन्यांचा आकडा ठरवून काही होत नाही. दिशा दिसते का, ते पाहायचं. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आला. डिसेंबर १९८९ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर त्याला निरोप देणारा फलक झळकला होता, पहिला चषक १९९० मध्ये आला आणि लीग १९९३ मध्ये. हे उदाहरण प्रत्येक हरणाऱ्या मॅनेजरच्या बचावासाठी वापरलं जातं, आणि ते बरोबर नाही. फर्ग्युसन त्या वर्षांत युवा संघ आणि शोधपथक मुळापासून उभारत होता. ते काम दिसत होतं.

मिकेल आर्टेटाचंही तसंच. लागोपाठ दोन हंगाम आठवा क्रमांक, मग ऑगस्ट २०२१ मध्ये तीन सामने, शून्य गोल, मँचेस्टर सिटीकडून ०-५ आणि आर्सेनल तळाला. तेव्हा त्याला काढा म्हणणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण त्याच उन्हाळ्यात घेतलेले ओडेगार्ड, व्हाइट आणि रॅम्सडेल अजून एकत्र खेळलेही नव्हते. पुढे २०२३ पासून सलग तीन वर्षं संघ दुसरा आला.

याउलट, टेन हागला युनायटेडने २०२४ च्या एफए कप विजयानंतर ठेवून घेतलं, करार वाढवला, आणि ऑक्टोबरमध्ये काढलं. उन्हाळाभर त्याच्या पसंतीचे खेळाडू विकत घेऊन झाल्यावर. एका फायनलने सगळा हंगाम झाकला गेला. टॉटनहॅमने २०२५ मध्ये उलट केलं: १७ वर्षांनी पहिला चषक, युरोपा लीग, जिंकून देणाऱ्या पोस्टेकोग्लूला पंधरवड्यानंतर काढलं, कारण लीगमध्ये संघ १७ वा होता. मला तो निर्णय कटू पण समजण्यासारखा वाटला. अनेकांना अजूनही वाटत नाही, आणि त्यांची बाजूही ऐकण्यासारखी आहे, कारण चाहत्याला आयुष्यभर आठवते ती बिल्बाओतल्या त्या फायनलची रात्र. त्या हंगामातली गुणांची बेरीज नाही.

आपल्याला नको असलेला माणूस नेमला गेला. आता काय करायचं?

पहिल्या सामन्याला त्याच्यावर ओरडायचं नाही, एवढं तरी पाळा. रागाचा पत्ता क्लबच्या कार्यालयाचा आहे, तिथे लिहा. समर्थक संघटना असेल तर तिच्यामार्फत नेमके प्रश्न विचारा: निवड कोणी केली, कोणत्या निकषांवर, आणखी किती जणांशी बोलणी झाली. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या क्लबना आता चाहत्यांचं सल्लागार मंडळ ठेवावं लागतं. मॅनेजरची निवड त्या मंडळाच्या हाती नसते, पण प्रश्न नोंदवून उत्तर मागता येतं. आणि वर सांगितलेली तीन सामन्यांची पाहणी त्याच्या नव्या संघासाठीही करा, पहिल्या महिन्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा. दोन्ही वेळची टिपणं शेजारी ठेवली की वादाला निदान खरा मुद्दा मिळेल.